ट्राम डेपोचं फाटक

१

पेटी रिकामी होती.

तळाचा पेंढा जागच्या जागी, कोपऱ्यात दोन निळसर पिसं, पाण्याचा डबा अर्धा भरलेला, आणि बॅरन या कबुतराचा पत्ता नाही. वेताची ती पेटी गाडीच्या टपावर ठेवलेली होती. विनी हेस्लॉपनं वेतांच्या फटींतून पुन्हा एकदा आत बघितलं.

"कुणी बाहेर काढली ही?" कीथ प्राउड ओरडला. गाडी त्याची, कबूतर क्लबचा अध्यक्षही तोच. "मी मागच्या सीटखाली ठेवली होती! पाणी पाजलं, पेटीचा पट्टा लावला, गाडीचं दार ओढून घेतलं!"

त्याला ओरडावंच लागत होतं. गल्लीच्या तोंडाशी हमरस्त्यावरून अख्खं ब्रसेल्स चालल्यासारखं वाटत होतं. ढोल, शिट्ट्या, मधूनच कानठळ्या बसवणारे फटाके. फटाका फुटला की गल्लीतल्या खिडक्या थरथरायच्या.

"गेला चोरीला!" गॅविननं कपाळावर हात मारला. "एवढ्या गर्दीत गाडी सोडून कॉफी प्यायला जा म्हणावं! कुणीतरी उचलला आणि झाला पसार."

आल्फ टीसडेल भिंतीला टेकून उभा राहिला आणि गुडघा चोळायला लागला.

विनीनं गाडीला एक चक्कर मारली. काचा शाबूत होत्या. मागच्या दाराचं कुलूप दोन वर्षांपासून मोडलेलं, पण दार उघडायचं तर कडी वर उचलून खाली गुडघ्यानं ढोसायला लागायचं. ही खोड क्लबातल्या माणसांनाच ठाऊक. सीटवर कीथचं नवं जाकीट तसंच पडलेलं, गॅविनचा कॅमेराही तिथेच. म्हातारपणापर्यंत ती सहकारी भांडारात गिऱ्हाइकाच्या वेषात फिरून चोर पकडायचं काम करत होती. हाताला लागेल ते सोडून जाणारा चोर तिनं जन्मात पाहिला नव्हता.

मग ती टाचा उंचावून पेटीकडे नीट बघायला लागली. पेटीचं दार पूर्वेकडे तोंड करून होतं, वाऱ्याला पाठ देऊन. दाराचा पट्टा सोडून पुन्हा नीट बकलात अडकवलेला होता, म्हणजे रिकाम्या पेटीचं दार वाऱ्यानं आपटू नये.

"हा चोरलेला नाही," ती म्हणाली. "चोर पेटीसकट नेतो. बॅरनला कुणीतरी सोडलंय, आणि सोडताना दिशा बघून सोडलंय. हे काम कबुतरवाल्याचं आहे."

"इथे कोण कबुतरवाला येणार?" गॅविन म्हणाला.

"आलाय की," विनी म्हणाली. "चार जण आलोय आपण."

२

सकाळपासूनच दिवस धड नव्हता.

गावातल्या क्लबानं वर्षभर सोडती काढल्या होत्या, केक विकले होते, म्हाताऱ्यांनी बिअरचे ग्लास कमी केले होते, तेव्हा कुठे ब्रसेल्सच्या पूर्वेला असलेल्या तीनेन गावातल्या ओडिलॉनकडचा हा शर्यतीचा नर घेण्याची ऐपत आली. इंग्लंडातल्या डरहॅमकडच्या त्या खेड्यात आता उरलंय काय? खाण बंद होऊन जमाना झाला. शाळा गेली, भांडारही गेलं. राहिलेत ती म्हातारी माणसं आणि परसातली कबुतरांची खुराडी. बॅरनच्या पोटी पिल्लं होतील, क्लब पुन्हा शर्यती जिंकेल, पोरं पुन्हा यायला लागतील, असं सगळ्यांनी मनाशी धरलेलं.

ओडिलॉनच्या दारात मात्र निराळंच घडलं. म्हातारा आणि त्याची बायको मारिएट वृद्धाश्रमात जाणार होते, म्हणून सगळी कबुतरं विकायला काढलेली. बॅरन शेवटचा. मारिएटनं त्याला छातीशी धरलं, पेटीत ठेवलं, पुन्हा बाहेर काढलं. दोनदा. शेवटी आल्फनंच तिच्या हातातून तो हळूच घेतला. कबुतराची पारख गावात त्याच्याइतकी कुणाला नाही, म्हणून तर त्याला आणलेलं. तिथून निघाल्यापासून तो गप्प होता. तसा कीथ समोर असला की तो गप्पच असायचा.

त्या दोघांचं बोलणं नव्हतं. खाणींचा मोठा संप झाला त्या वर्षापासून. आल्फ तेव्हा युनियनचा चिटणीस. वर्षभर फाटकावर उभा राहिला, दोनदा पोलिसांच्या दंडुक्यानं डोकं फुटलं, पण मागे हटला नाही. कीथ शेवटच्या महिन्यात दगड लागू नयेत म्हणून खिडक्यांना जाळ्या लावलेल्या बसमध्ये बसून कामावर गेला. घरात लेक न्यूमोनियानं फणफणलेली आणि चुलीत घालायला कोळसा नाही, हेही खरं. पण गावानं एकच शब्द लक्षात ठेवला, संपफोड्या. तीस वर्षं त्या माणसानं गावाची गाडी हाकली, म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेलं, क्लबाचं छप्पर स्वखर्चानं शाकारलं. लोक आता त्याच्याशी बोलायचे, हसायचे. आल्फ मात्र त्याला काही सांगायचं असलं तर विनीमार्फत सांगायचा, तो हातभर अंतरावर उभा असला तरी.

"विनी, त्याला सांग, हे वळण चुकलंय," असा आल्फचा आवाज मागच्या सीटवरून आला तेव्हाच खरं तर परत फिरायला हवं होतं. पण कीथच्या बायकोला ब्रसेल्सची चॉकलेटं हवी होती. शहरात शिरले आणि गाडी मोर्चाच्या तोंडी सापडली. पोलिसानं काचेवर टकटक करून बाजूच्या एका गल्लीकडे बोट दाखवलं. "संध्याकाळपर्यंत काही हलणार नाही. प्या कॉफी," तो म्हणाला आणि निघून गेला.

संध्याकाळी झेब्रुगच्या बंदरातून घरी परतायची बोट होती.

आधी लाल सदऱ्यांचा लोंढा आला, त्यामागे हिरव्यांचा, त्यामागे निळ्यांचा. प्रत्येक युनियनचा रंग वेगळा, फुगे घराएवढे, आणि मागणी सगळ्यांची एकच, निवृत्तीचं वय वाढवू नका. गॅविन हरखून गेला. तो चाळिशीतला, आल्फचा पुतण्या. संप चालू होता तेव्हा हा शाळेत मोफतचं जेवण जेवत होता. "काका, बघ की! एवढी माणसं!" आल्फच्या डोळ्यांत पाणी तरारलं. त्याच्या टोपीवर त्या संपाचा पिवळा बिल्ला असायचा, झोपतानाच काय तो निघायचा. दोनचार लाल सदरेवाल्यांनी तो ओळखला आणि आल्फच्या पाठीवर थापा मारल्या.

कीथ खाली मान घालून चालत होता.

गल्लीतून चौकातल्या कॉफीच्या दुकानात जायला दोन रस्ते होते. एक अगदी सरळ, ट्राम डेपोच्या आवारातून. पण डेपोच्या फाटकावर ट्रामवाले संपावर बसले होते. लोखंडी पिंपात लाकडाच्या फळ्या जाळून शेकत होते. आपापल्या कामाला जाणारी माणसं त्यांच्यामधून खुशाल ये-जा करत होती, कुणी अडवत नव्हतं. तरीही चौघांपैकी एकानंही तिकडे पाऊल टाकलं नाही. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, सगळे मुकाट्यानं हमरस्त्याकडे वळले. संपावरच्या माणसांची रांग ओलांडायची नाही, हे त्या गावात आईच्या दुधाबरोबर येतं. धक्के खात, शिट्ट्यांनी बहिरे होत ते लांबचा वळसा घालून दुकानात पोचले तेव्हा विनीची दमछाक झाली होती.

३

"आता एकेकानं सांगा," विनी म्हणाली. ती गाडीच्या पायरीवर बसली होती. "दुकानातून कोण कधी उठलं?"

"तुला काय पोलीस केलंय का?" गॅविन फिस्कारला.

"पोलीस बोलावू? तो कोपऱ्यावर आहे. गावाकडे गेल्यावर वीसजण हेच विचारतील, तेव्हा काय सांगशील?"

गॅविननं तोंड वाकडं केलं, पण सांगितलं. आधी कीथ उठला होता, बॅरनला पाणी पाजायला. तो हमरस्त्यानं गेला आणि हमरस्त्यानंच आला. बराच वेळ लागला. परत आला तेव्हा घामानं निथळत होता आणि हिरव्यांपैकी कुणीतरी त्याच्या डोक्यावर कागदी टोपी बसवली होती. त्यानंतर आल्फ उठला, "जरा मोर्चाबरोबर चालून येतो" म्हणून. त्याच्या पाठोपाठ गॅविन, फोनवर चित्रीकरण करायला. दोघंही लवकर परतले. विनीची दुसरी कॉफी निम्मीच झाली होती. मग सगळे मिळून उठले आणि इथे आले.

"म्हणजे झालंच की," गॅविन म्हणाला. त्याचा आवाज एकदम चढला. "मी नि काका गेलो तेवढ्या वेळात इथवर येऊन परत जाणं शक्यच नाही. या गर्दीतून? जाण्यातच सगळा वेळ गेला असता. इथवर येऊन जायला वेळ मिळाला तो एकाच माणसाला."

सगळ्यांनी कीथकडे पाहिलं.

"मी सोडला?" कीथचा चेहरा पांढरा पडला. "मी कशाला सोडेन रे? माझ्याच क्लबाचा पक्षी!"

"सोडलेलं कबूतर जातं कुठे? मालकाकडे. ओडिलॉन त्याला पुन्हा विकणार, दुप्पट भावानं, आणि निम्मे तुझ्या खिशात. सकाळी आम्ही चहा पीत होतो तेव्हा परसात काय कुजबुजत होतास त्याच्याशी?"

"त्याची बायको रडत होती म्हणून मी त्याला..."

"पुरे!" गॅविननं खिशातून फोन काढला. "एकदा ज्यानं केलं, तो पुन्हा करणार. आमचा बाप सांगायचाच." त्याची बोटं भराभर चालली. क्लबातल्या सगळ्यांना जाणारा निरोप. "धत्! जातच नाहीये. सगळं जाम झालंय."

तेवढ्या माणसांचे फोन एकदम चालू, कुणाचाच लागत नव्हता. ओडिलॉनला विचारायलाही मार्ग नव्हता.

"पुसून टाक तो निरोप," विनी म्हणाली.

"का पुसू? गर्दी हलली की आपोआप जाईल."

विनीनं आल्फकडे बघितलं. त्याच्या एका शब्दावर गॅविननं फोन खिशात घातला असता. पण आल्फनं मान दुसरीकडे वळवली. "विनी, पोराला सांग, घाई करू नको," एवढंच पुटपुटला आणि तेही इतकं हळू, की फटाक्यांत विरून गेलं.

कीथ गल्लीच्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. साठीचा माणूस, खांदे पोरासारखे हलत होते. मोर्चाचे शेवटचे, निळे, आता दिसायला लागले होते. ते संपले की गर्दी हलणार, आणि फोन लागणार.

४

विनी त्याच्यामागे गेली.

"खरं सांग मला कीथ. मी कुणाला सांगणार नाही."

"तूसुद्धा?" तो वळला. डोळे लाल झाले होते. "तीस वर्षं झाली गं. पोरगी वाचली म्हणून मला कधी पश्चात्ताप करता आला नाही आणि गावानं कधी तो सोडूही दिला नाही. आता कुठे लोक दारात उभं करतात. आणि मी एका कबुतरापायी ते घालवीन? बॅरन इथेच होता. माझ्या हाताला चोच मारली त्यानं. हे बघ."

अंगठ्यावर लाल ठिपका होता. त्यावरून काय सिद्ध होतं? पक्षी सोडतानाही तो चोच मारतोच. पण विनीनं आयुष्यभर खोटं बोलणारी माणसं ऐकली होती. ती एवढं रडत नाहीत, ती रागावतात. आणि मनात तिला स्वतःचीच लाज वाटत होती. गॅविननं बोट दाखवलं तेव्हा आधी तिच्याही मनात तोच शब्द आला होता, संपफोड्या.

समजा, कीथ खरं बोलतोय. मग त्याच्यानंतर कुणीतरी इथे येऊन गेलं, आणि तेही झटकन. झटकन येण्याची वाट एकच. ट्राम डेपोचं फाटक.

विनी तिथेच थबकली. चौघांपैकी कुणी त्या फाटकातून जाणार नाही, म्हणून ती वाट त्यांनी हिशोबातच धरली नव्हती. तिथे कुलूप नव्हतं, पोलीस नव्हता. त्यांची त्यांनीच ती वाट बंद केलेली.

ती तडक गॅविनकडे गेली. "तुझं चित्रीकरण दाखव."

"आता ते कशाला?"

"दाखव म्हणते ना!"

त्यानं दाखवलं. कुठेही न तुटलेली एकच लांबलचक फीत. फुगे, ढोल, कॉफीच्या दुकानाची लाल पाटी, फीत संपता संपता खिडकीतून दिसणारी विनी स्वतःच, कपात साखर ढवळताना. गॅविन दुकानासमोरून हललाच नव्हता.

"डेपोतून गेला असतास तर गाडीपर्यंत जाऊन येता आलं असतं तुला," ती सहज बोलल्यासारखं म्हणाली.

"फाटकातून?" गॅविन दचकलाच. "डोकं फिरलंय का तुझं? बाप थडग्यातून उठून थोबाडेल मला!"

राहिला एक. विनीला ते नाव मनातसुद्धा उच्चारवेना. गावात ज्याच्या नावानं पोरांना शहाणपण शिकवतात, तो माणूस. तिचा नवरा मरताना म्हणाला होता, आल्फला विचारल्याशिवाय काही करू नको.

आल्फ अजून भिंतीपाशीच होता. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. त्याच्या कोटाला जळक्या लाकडाचा वास येत होता. मोर्चात फटाक्यांची दारू होती, धूर होता, पण लाकूड कुठेच जळत नव्हतं. आणि डोकं उघडं. दुकानातसुद्धा परत आल्यापासून उघडंच होतं, हे तिला आता आठवलं. एवढ्या गार वाऱ्यात!

"टोपी कुठे आहे रे तुझी?"

"खिशात."

"घाल की. सर्दी होईल."

"राहू दे गं."

"आल्फ, टोपी दाखव."

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली केली. टोपी काही काढली नाही. विनी मागे वळली आणि चालायला लागली, सरळ डेपोकडे.

५

फाटकापाशी ती थांबली. आत मात्र गेली नाही. पिंपाजवळ सातआठ ट्रामवाले पाव आणि सॉसेज खात होते. त्यांच्यात एक उंच बाई होती, कुरळ्या केसांची, हाताला गरम पेला धरलेली. तिच्या लाल सदऱ्यावर, छातीच्या डाव्या बाजूला, पिवळा बिल्ला.

विनीनं फाटकाबाहेरूनच बोट दाखवलं.

"तो बिल्ला," ती म्हणाली. "तुम्हाला कुठे मिळाला?"

बाईचं नाव सामिरा. इंग्रजी मोडकंतोडकं, पण हसू मोकळं. "म्हातारा बाबा! तुमचा माणूस का तो?"

"आमचाच."

"अहो, काय सांगू! सकाळपासून इथून माणसं चालली आहेत. कुणी बघतसुद्धा नाही आमच्याकडे. हा आला, फाटकात उभा राहिला, आणि टोपी काढून म्हणतो, मला पलीकडे जाऊ द्याल का? आम्ही हसलो. म्हटलं, जा की बाबा, रस्ता आहे! तर म्हणे, असं नाही. तुमचा संप आहे. तुम्ही हो म्हणाल तरच जाईन." सामिराचं हसू मावळलं. "मग आम्ही सगळे उठून उभे राहिलो. मी म्हटलं, जा. तर रडायला लागला. जाऊन आला, पुन्हा विचारलं, पुन्हा रडला. पिंपापाशी उभं करून दोन घोट चहा पाजला त्याला. निघताना हे माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, मला आता हे लावता येणार नाही. मला वाटलं भेट दिली. काही चुकलं का आमचं?"

"नाही बाई," विनी म्हणाली. "तुमचं काही चुकलं नाही."

सामिरानं बिल्ला काढून पुढे केला. विनीनं तिचा हात हळूच मागे सारला.

तेवढ्यात विनीच्या खिशातला फोन थरथरला. गर्दी हलली होती.

६

ओडिलॉन होता. शब्द निम्मे कळत होते, पण मागून मारिएटचं हसू ऐकू येत होतं आणि तेवढं पुरेसं होतं. बॅरन घराच्या छपरावर येऊन बसला होता.

ती गल्लीत परतली तेव्हा गॅविनच्या फोनवर टिंग टिंग सुरू झालं होतं. निरोप गेला होता, आणि गाव उत्तरं देत होतं.

"वाच," कीथ म्हणाला. तो गाडीच्या दाराला धरून उभा होता. "मोठ्यानं वाच, मला ऐकू दे."

गॅविन आता जरा वरमला होता. "जाऊ दे ना."

"वाच!"

"'वाटलंच होतं,'" गॅविन वाचायला लागला. "'एकदा संपफोड्या तो कायमचा.' 'परत आला की क्लबाच्या किल्ल्या काढून घ्या.'" मग त्याला पुढे वाचवेना.

विनी आल्फसमोर जाऊन उभी राहिली. कानाशी लागून म्हणाली, "मी फाटकावर जाऊन आले. बॅरन घरी पोचलाय. आता तू बोलतोस, का मी बोलू?"

आल्फ भिंतीपासून सुटा झाला. दोन पावलं टाकायला त्याला बराच वेळ लागला. तो विनीकडे नाही, गॅविनकडे नाही, कीथकडे वळला.

"कीथ," तो म्हणाला.

गॅविनच्या हातातला फोन पडता पडता राहिला. तीस वर्षांत त्या तोंडातून ते नाव कुणी ऐकलं नव्हतं.

"मी सोडला त्याला. डेपोतून आलो, डेपोतूनच गेलो. संपाची रांग ओलांडून."

त्यानं टपावरच्या रिकाम्या पेटीकडे बघितलं.

"संपाच्या त्या हिवाळ्यात मी माझी सगळी कबुतरं विकली होती. निळी मादी होती एक. घेणारा पार लीड्सचा. ती सुटून परत आली. रिकाम्या खुराड्यावर बसली. आणि मी, विकली ती विकली म्हणून, तिला पकडून पोत्यात घालून परत पाठवली. स्वतःच्या पंखांनी घरी आलेली. आज ती म्हातारी पेटीतून त्याला पुन्हा काढायला लागली तेव्हा..." आल्फनं तोंडावरून हात फिरवला. "एकदा त्याला घरी जाऊ द्यावं, एवढंच मनात होतं. ओडिलॉन सच्चा माणूस आहे, तो पक्षी परत देईल, नाहीतर पैसे. मी तुम्हाला लगेच सांगणार होतो. पण मग पोरानं तुझ्याकडे बोट दाखवलं. आणि मी गप्प बसलो. सोपं होतं ते. तुझ्यावर खपून जातं."

"काका..." गॅविन म्हणाला.

"लिही. मी सांगतो तसं लिही. आल्फ टीसडेलनं केलं, संपाची रांग ओलांडून केलं, आणि दुसऱ्यावर जाऊ दिलं. माझं नाव पुरं घाल."

गॅविन विनीकडे बघायला लागला. तिनं मान हलवली. त्यानं लिहिलं. या खेपेला निरोप लगेच गेला, आणि गावाकडून कुणाचंच उत्तर आलं नाही.

विनीला वाटलं आता कीथच्या जिवावरचं ओझं उतरेल. पण कीथचा चेहरा असा काही झाला की ती एक पाऊल मागे सरली.

"हरामखोरा!" तो आल्फवर ओरडला. "तीस वर्षं मी तुझ्या दारावरून मान खाली घालून गेलो! म्हटलं, असू दे, तो बरोबर आहे, मी चुकलो. तेवढ्यावर जगलो मी! तू तरी सरळ राहायचं होतंस रे!"

फटकारायला हात उगारल्यासारखा कीथ पुढे आला आणि थांबला. तो गाडीच्या पायरीवर मटकन बसला. थोड्या वेळानं आल्फही गुडघा धरत त्याच्या शेजारी टेकला. गल्लीच्या तोंडाशी झाडूवाल्यांच्या गाड्या आल्या होत्या. फुटके फुगे, कागदी टोप्या, सगळं गोळा होत होतं.

"त्यांनी जाऊ दिलं तुला?" कीथनं विचारलं. त्याचा आवाज बसला होता.

"विचारलं मी. उठून उभे राहिले. जा म्हणाले."

"मला विचारायचं सुचलंच नाही," कीथ म्हणाला. "बसमध्ये खाली मुंडी घालून बसलो होतो. पोरगी आजारी आहे, येऊ का आत, असं विचारलं असतं तुला, तर?"

विनीला वाटलं, आल्फ आता काहीतरी गोड बोलेल. खोटं का होईना.

"नसतं जाऊ दिलं," आल्फ म्हणाला. "तेव्हा नसतंच दिलं. पण कोळसा आणून टाकला असता तुझ्या दारात. कुठूनही. चोरून आणला असता."

कीथनं हिरवी कागदी टोपी काढून तोंड पुसलं. रंग गालाला लागला, तरी तो पुसतच राहिला.

"लेक कशी आहे?" आल्फनं विचारलं.

"बरी आहे," कीथ म्हणाला. "तिला दोन मुलं आहेत."